झाकणावरचा ठिपका

आमच्या गणपतीच्या कारखान्यात डब्यावर काय लिहिलंय ते कुणी वाचत नाही. पेणमधल्या बाकीच्या कारखान्यांत काय चालतं ते मला माहीत आहे, पण त्यांच्या भानगडीत मी पडत नाही. आमच्याकडे पद्धत अशी, की नवा डबा उघडला की आत बोट बुडवायचं आणि झाकणावर एक ठिपका द्यायचा. ठिपका पिवळा तर आत पीतांबराचा पिवळा. ठिपका शेंदरी तर आत शेंदरी. कंपनीचं लेबल दोन दिवसांत माखतं आणि मग ते असून नसून सारखं. ठिपका लांबून दिसतो, ओल्या हातांनीही दिसतो, आणि वाचता न येणाऱ्यालाही कळतो.

ही पद्धत आईची. ती लग्न होऊन आली तेव्हा वडिलांचा अर्धा दिवस म्हणे डबे हुंगण्यात जायचा. आई आता अठ्ठ्याहत्तरची आहे. साचे तिने सोडले, रंगकाम सोडलं. डोळ्यांची आखणी आणि माझ्यावर ओरडणं, या दोन गोष्टी सोडलेल्या नाहीत. गणपतीचे डोळे सगळ्यात शेवटी आखतात, आणि त्या एका रेषेवर गिऱ्हाईक मूर्ती उचलणार की पुढच्या कारखान्यात जाणार ते ठरतं. आखतो मीसुद्धा. पण माझे गणपती दुपारच्या झोपेतून कुणीतरी उठवल्यासारखे दिसतात, असं आईचं मत आहे. गिऱ्हाइकांचंही तेच आहे, फक्त ते बोलत नाहीत.

तीन वर्षांपूर्वी आईच्या हृदयाचे ठोके वेडेवाकडे पडायला लागले. डॉक्टरांनी समोर बसवून समजावलं, की अशा ठोक्यांत रक्त आत साचून राहतं, त्याची गुठळी होते आणि ती मेंदूत गेली तर लकवा मारतो. म्हणून रक्त पातळ ठेवायची गोळी, सकाळी एक आणि संध्याकाळी एक. आयुष्यभर.

आईची थोरली बहीण लकव्यानेच गेली होती. उजवी बाजू गेली आणि चार वर्षं अंथरुणावर. आई तिच्या उशाशी बसून घरी आली की न बोलता स्वतःच्या उजव्या हाताची मूठ उघडझाप करून बघायची. त्यामुळे डॉक्टरांचं सगळं ऐकून तिने एकच विचारलं, "उजवा हात जातो की डावा?"

"ते सांगता येत नाही, आजी."

"मग द्या गोळी."

गोळीचं नाव मला अजून नीट उच्चारता येत नाही, पण किंमत पाठ होती. त्या वेळी ती गोळी एकच कंपनी काढायची. पेटंट का काय ते त्यांचं होतं. आमच्या हिशेबात सांगायचं तर महिन्याच्या गोळ्यांत मध्यम उंचीची, नीट आखलेली एक मूर्ती जायची. म्हणजे वर्षाला बारा गणपती आम्ही परस्पर औषधाच्या दुकानात विसर्जन करत होतो. आईला मी किंमत सांगितली नव्हती. सांगितली असती तर तिने एक वेळची गोळी गुपचूप बंद केली असती. दुधाच्या बाबतीत तिने तेच केलेलं आहे.

आईला मराठी वाचता येतं, जवळचं चष्म्याशिवाय दिसतं, पण गोळ्यांच्या पट्टीवर सगळं इंग्रजीत आणि मुंगीच्या पावलाएवढं. तेव्हा मी माझी अक्कल चालवली. कारखान्यातल्या तीन छोट्या डब्या धुऊन घेतल्या आणि झाकणांवर ठिपके दिले. रक्ताची गोळी गुलाबीसर होती, हुबेहूब आमच्या मूर्तीच्या अंगाच्या रंगाची. म्हणून पहिल्या डबीवर अंगाच्या रंगाचा ठिपका, ती सकाळ-संध्याकाळ. बीपीची गोळी पांढरी, म्हणून दुसऱ्या डबीवर पांढरा ठिपका, ती फक्त सकाळी. पित्ताची पिवळी, उपाशीपोटी. आईने डब्या हातात घेतल्या, ठिपके बघितले आणि म्हणाली, "हे बरं केलंस." मला आईने असं म्हटल्याचे प्रसंग कमी आहेत, त्यामुळे ते लक्षात राहिलं. पट्ट्या आणल्या की गोळ्या फोडून डब्यांत भरायचं काम तिने स्वतःकडेच घेतलं.

आता मामांकडे वळायला हवं. मामा म्हणजे आईचा धाकटा भाऊ, राहणार रोहा. रोह्याला औषधांची पावडर बनवणाऱ्या एका कंपनीत त्यांनी सगळी नोकरी शिफ्टमध्ये काढली. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, तरी बोलण्यातून ते अजून तिथेच कामाला आहेत. आमच्या घरात कुणी साधी तापाची गोळी घेतली तरी ते विचारणार, "केवढ्याला पडली?" आणि आकडा कुठलाही असो, कपाळाला हात लावणार.

"अरे, मी स्वतः भरलेत ड्रम," ते सांगायचे. "एकाच पावडरचे ड्रम. एक गाडी मोठ्या कंपनीला जायची, दुसरी बारक्या कंपनीला. ड्रम तोच, पावडर तीच, माणूस पण मीच. मग एकीची गोळी सोन्याची आणि दुसरीची पितळेची कशी काय झाली?"

गेल्या वर्षी, गणपतीला दीड महिना असताना त्यांचा फोन आला. "पेटंट संपलं ताईच्या गोळीचं! आता कोण पण काढतोय. भाव बघ किती पडलाय. सरकारी योजनेतल्या दुकानात तर पाचवा हिस्सा सुद्धा लागणार नाय."

मी डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, चालेल की, औषध तेच आहे, आणि चिठ्ठीवर मोठ्या अक्षरांत औषधाचं मूळ नाव लिहून दिलं. बीपीच्या गोळीचंही लिहून दिलं. वर बोट उगारून म्हणाले, "स्वस्त घ्या, महाग घ्या, पण एकही वेळ चुकता कामा नये. या गोळीचा असर काही तासच राहतो."

पेणच्या योजनेच्या दुकानात त्या आठवड्यात ती गोळी संपली होती. मामा म्हणाले, रोह्याला आहे, ये. कारखान्यात पाय ठेवायला जागा नव्हती, दोनशे मूर्ती रंगाच्या वाटेवर बसल्या होत्या, तरी मी गाडीत बसून रोह्याला गेलो. मामा स्टेशनवर हजर. दुकानातल्या बाईंनी चिठ्ठी बघून दोन्ही गोळ्या काढल्या, बिल केलं, आणि पिशवी हातात देताना म्हणाल्या, "यांचा रंग आधीच्यापेक्षा वेगळा असेल हं. घरी आजींना दाखवून, समजावून द्या."

मी "हो हो" म्हणालो. त्याच वेळी मामा शेजारी उभे राहून रांगेतल्या एका अनोळखी गृहस्थांना ड्रमची गोष्ट सांगत होते आणि माझ्याकडे बोट दाखवून म्हणत होते, "हा आमचा भाचा. ह्याला दोन वर्षं लुटला." सगळी रांग माझ्याकडे बघायला लागली. लुटल्या गेलेल्या माणसाने कसा चेहरा करायचा असतो याचा विचार करण्यात बाईंचं वाक्य माझ्या कानावरून गेलं. जन्मभर रंगात हात घालणाऱ्या माणसाला कुणीतरी रंगाबद्दलच सांगत होतं, आणि मला ते ऐकू आलं नाही.

घरी येऊन पिशवी आईच्या हातात दिली. "घे, नवीन गोळ्या. त्याच आहेत, फक्त स्वस्त." आणि मी धावत कारखान्यात गेलो, कारण स्प्रेच्या गनने मुकुटाऐवजी भिंत सोनेरी करायला घेतली होती.

चौथ्या दिवशी आईला चक्कर आली. उठून उभी राहिली आणि पुन्हा पाटावर बसली. "काय नाय, पटकन उठले म्हणून," ती म्हणाली. पाचव्या दिवशी पुन्हा. सहाव्या दिवशी माझ्या बायकोने आईच्या पायांकडे बघितलं. घोट्यांवर सूज होती.

"अहो," बायको मला बाजूला घेऊन म्हणाली, "गोळ्या बदलल्यापासून चाललंय हे."

मला तेच वाटत होतं, फक्त बोलायचं धाडस नव्हतं. एकदा तिने म्हटल्यावर माझं डोकं फिरलंच. स्वस्त गोळी म्हणजे आत खडू तर नसेल? मी मोबाईलवर शोधायला लागलो. मोबाईलवर काहीही शोधलं की शेवटी माणूस मरतोच. रंगाच्या वासात बसून मी गुठळ्यांची चित्रं बघत होतो आणि समोर आई एकेका मूर्तीचे डोळे आखत होती. तिचा उजवा हात हलला तरी मला धडकी, थांबला तरी धडकी. दुपारी जेवताना तिने घास उचलायला जरा उशीर केला तर माझा घास तोंडातच.

मामांना फोन केला. "मामा, ही गोळी काय बरोबर वाटत नाही."

मामांनी तिकडे टीव्ही बंद केला त्यावरून मी समजलो की आता ऐकून घ्यायचं आहे. "तू मला शिकवतोस? एकतीस वर्षं मी पावडर बघितली. तुझा गणपती दोन हजाराला विकला काय आणि पाच हजाराला विकला काय, माती बदलते का रे आतली?"

"मामा, तिला चक्कर येतेय."

"चक्कर उन्हाने पण येते."

"कारखान्यात ऊन कुठाय?"

"तर रंगाच्या वासाने!" ते म्हणाले, पण आवाज खाली आला होता. ती त्यांची बहीण होती. थोरल्या बहिणीला खांदा देणाऱ्यांत तेही होते. "डॉक्टरला दाखव बाबा," ते म्हणाले. "आणि मला कळव."

मी काय केलं असेल? शहाणा माणूस डॉक्टरांकडे गेला असता. मी पेणच्या आमच्या नेहमीच्या दुकानातून जुनी, महागाची एक पट्टी आणली आणि शर्टाच्या खिशात ठेवून दोन दिवस हिंडलो. आईला द्यावी तर मी चुकलो असं सिद्ध होतं. न द्यावी तर लकवा. दोन्ही एकदम द्याव्यात हाही विचार मनात आला होता. दुकानदाराला सहज म्हणून विचारलं, तर तो म्हणाला, "शेठ, रक्त पातळ करायचंय, पाणी नाय करायचं." खिशातल्या पट्टीला छातीवर हात लावून बघायची मला सवयच लागली. बायकोला वाटलं माझ्या छातीत दुखतंय.

नवव्या दिवशी सकाळी आई एका मोठ्या मूर्तीपुढे बसली होती. डावा डोळा झाला होता. उजव्यावर ब्रश टेकवला, आणि ब्रश तिच्या हातातून पडला. डोळ्याच्या कोपऱ्यापासून गालापर्यंत काळी रेघ ओढली गेली. आई मागच्या खांबाला टेकली, डोळे मिटून.

"आई!"

"ओरडू नको. फिरतंय."

"हात हलव. उजवा हात हलव!"

"हालतोय. तू आधी बाजूला हो, मूर्तीवर पडशील."

रिक्षात मी तिचा उजवा हात दोन्ही हातांत धरून बसलो होतो. दर मिनिटाला म्हणायचो, "दाब." ती दाबायची. शेवटी एवढ्या जोराने दाबला की मी कळवळलो, तेव्हा जरा बरं वाटलं.

डॉक्टरांनी तिला हात वर करायला लावले, हसायला लावलं, नाव-गाव विचारलं. मग बीपी बघितलं आणि त्यांच्या कपाळाला आठी पडली. पुन्हा बघितलं. "फारच खाली आहे. बीपीची गोळी दिवसाला किती घेताय?"

"एकच. सकाळी."

सुजलेल्या घोट्यावर बोट दाबून ते माझ्याकडे वळले. "ही सूजही बीपीच्या गोळीने येते. घरातल्या सगळ्या गोळ्या घेऊन या. पट्ट्यांसकट."

मी घरी आलो. देवघराशेजारच्या फळीवर तिन्ही डब्या ओळीने होत्या. अंगाच्या रंगाचा ठिपका असलेली उघडली. आत अंगाच्या रंगाच्या गोळ्या. पांढऱ्या ठिपक्याची उघडली. आत पांढऱ्या. सगळं जिथल्या तिथे. मला हायसं वाटलं, आणि मी रोह्याच्या पिशवीतल्या अर्ध्या फोडलेल्या पट्ट्या बाहेर काढल्या. गुलाबी गोळी ज्या पट्टीत होती तिच्यावर बीपीच्या औषधाचं नाव होतं. पांढऱ्या गोळीच्या पट्टीवर रक्ताच्या औषधाचं.

मी दोन्ही पट्ट्या शेजारी धरून नावं पुन्हा वाचली. नव्या कंपनीच्या गोळ्यांचे रंग बरोबर उलटे होते. आईने आयुष्यभर जे केलं तेच केलं होतं, ठिपका बघून रंग भरला होता. नऊ दिवस ती बीपीची गोळी दोनदा घेत होती. आणि जी गोळी एकही वेळ चुकवायची नाही म्हणून बोट उगारून सांगितलं होतं, ती फक्त सकाळी. दर संध्याकाळी तिचं रक्त उघड्यावर होतं. त्यात मामांच्या ड्रमची काही चूक नव्हती, कंपनीची नव्हती, दुकानातल्या बाईंची तर नव्हतीच. खोटं कशाला बोलू, त्या क्षणी मला गोळीच भेसळीची निघाली असती तर बरं वाटलं असतं.

डॉक्टरांपुढे तिन्ही डब्या ठेवल्या आणि सगळं सांगितलं. ते रागावले नाहीत, ते जास्त वाईट. आईला म्हणाले, "गोळीत काही खोट नाही, आजी. बीपीची आज-उद्या बंद, परवा मला येऊन दाखवा. रक्ताची ठरल्याप्रमाणे दोन वेळा, आजपासूनच." मग मला म्हणाले, "नऊ दिवस औषध अर्धंच गेलंय. काही झालेलं दिसत नाही. पण लक्ष ठेवा. तोंड वाकडं झालं, बोलताना जीभ अडखळली, एक हात खाली पडला, तर एक मिनिट न थांबता घेऊन या. आज बघितलंत तसं रोज सकाळी बघत जा."

घरी आल्यावर तिने पाणी मागितलं, प्यायली आणि म्हणाली, "डब्यातला रंग बदलला तर आधी काय करतात?"

मी डब्या परत फळीवर मांडायला लागलो.

"मी तुला विचारते."

"जुना ठिपका खरवडतात."

"कधी शिकवलेलं?"

"पहिल्या वर्षी."

"तेव्हा तू केवढा होतास?"

"नऊ वर्षांचा, आई."

"तेव्हा कळायचं तुला," ती म्हणाली आणि आत गेली. बायको दारात उभी होती. आजवर मला हसण्याची संधी तिने सोडलेली नाही. त्या दिवशी सोडली.

संध्याकाळी मी पॉलिश पेपर घेऊन बसलो आणि तिन्ही झाकणं पत्रा दिसेपर्यंत घासली. घासताना मनात येत होतं, पेटंट संपल्यावर सरकारने योजनेत गोळीची किंमत बांधून दिली, यापेक्षा जास्त घ्यायचे नाहीत म्हणून पट्टीवर आकडा छापायला लावला, ते चांगलंच झालं. माझे बारांतले नऊ-दहा गणपती वाचले. पण रंग कुणी बांधून दिलेला नाही. ज्या कंपनीला जो सुचेल तो. मामांना विचारलं तर म्हणाले, "वरचा रंग काय, तुम्ही मुकुटाला सोनेरी मारता तसा. आतल्या औषधाशी त्याचा काय संबंध?" संबंध नाही हे खरं. पण माझी आई त्या वरच्या रंगावरच औषध घेत होती, आणि आमच्या तालुक्यात अशा आया किती असतील कोण जाणे. हे मी मामांना फोनवर ऐकवलं. तेव्हा ते म्हणाले, "मी तरी त्या रांगेत कशाला बडबडत बसलो होतो." मामांच्या तोंडून असं वाक्य मी पहिल्यांदा ऐकलं. मला त्यांना धीर द्यावा लागला.

पुढच्या महिन्यात त्याच दुकानात रक्ताची गोळी तिसऱ्याच कंपनीची आली. फिकट पिवळी. म्हणजे पित्ताच्या गोळीशी गाठ. मामांनी दुकानातूनच फोटो पाठवला, खाली लिहिलं होतं, 'रंग बदलला हाय. ठिपका!' आता पट्टी घरात आली की आई हात पुढे करत नाही. आधी विचारते, "रंग कुठला?" मी झाकण घासतो, नवा ठिपका देतो, बायको पट्टीवरचं नाव मोठ्याने वाचते, आणि मगच आई गोळ्या फोडते. रक्ताच्या डबीला मी वरून दोरासुद्धा बांधलाय, दोन गाठींचा, दोन वेळांसाठी. आईला तो पसंत नाही. डबी हातातून सटकते म्हणते.

आणि रोज सकाळी डॉक्टरांनी सांगितलेली परीक्षा. पहिल्या दिवशी तिने साफ नकार दिला होता. "सकाळी उठून तुझ्यासमोर हसू? मुलगी बघायला आलायस काय?" आता करते. चहा झाला की माझ्यासमोर उभी राहते, दोन्ही हात पुढे धरते आणि दात दाखवते. मी उजव्या हाताकडे बघतो. तो जरा खाली आहे का? काल होता त्यापेक्षा? अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या माणसाचा हात थोडा थरथरणारच ना? त्या नऊ संध्याकाळींत एखादी बारीकशी गुठळी कुठेतरी बसून राहिली असेल का? डॉक्टर म्हणतात, आता इतके महिने झाल्यावर त्याची काळजी करू नका. मी त्यांना हो म्हणतो.

"झालं समाधान?" आई हात खाली घेत विचारते.

"झालं."

मग ती कारखान्यात जाऊन बसते. मी काहीतरी शोधत असल्यासारखा तिच्या मागे जाऊन उभा राहतो. ती ब्रश उचलते, टोक ओठांनी निमुळतं करते, मूर्तीच्या डोळ्याच्या कोपऱ्यावर टेकवते. रेघ निघते. मी श्वास धरून तिच्याबरोबर त्या टोकापर्यंत जातो.

"मागे उभा राहू नको," ती वळून न बघता म्हणते. "सावली पडते."